सेलूच्या जिनिंगमधली इम्पाला : सिनेमातली आहे म्हणून वर आठ लाख द्यावेत का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतो, कारण आठ दिवस झाले, डोक्यातून दुसरं काही जातच नाहीये.

सेलूला आमच्या आत्याच्या सासरच्या नात्यात एक जुनं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे. बंद पडून वीस वर्षं झाली. त्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडात शेव्हरोलेट इम्पाला उभी आहे. चार दारांची, काळी, डाव्या स्टिअरिंगची. टायर बसलेत, काचा मात्र सगळ्या शाबूत. घरचे म्हणतात १९६४चं मॉडेल.

गोष्ट अशी सांगतात. घरातल्या आजोबांचा मुंबईत कॉटन ग्रीनला एक दलाल होता. १९७२ला राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, खाजगी व्यापार बसला आणि आजोबांची मोठी रक्कम त्या दलालाकडे अडकली. हा माणूस सिनेमांनाही पैसे पुरवायचा. एका निर्मात्याकडून त्याच्या स्वतःच्या वसुलीत ही गाडी आलेली होती, तीच त्यानं आजोबांना रकमेपोटी दिली. एका हिंदी सिनेमात हिरो खंडाळ्याच्या घाटात गाणं म्हणत जी गाडी चालवतो, ती हीच. आजोबा ती चालवत सेलूला घेऊन आले. सिनेमाचं नाव खात्री होईपर्यंत इथं लिहीत नाही.

आता विकायची आहे. गाडीचे सोळा लाख आणि सिनेमातली आहे म्हणून वर आठ, असे चोवीस मागतायत.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. सिनेमातली गाडी हीच, हे पक्कं कसं करायचं? आणि झालंच पक्कं, तर त्याचे वेगळे पैसे मोजावेत का?

मांजराकाठ

फोटो टाका आधी! इम्पाला म्हणता अन् फोटो नाही, हे काय बरं नाही.

सरकी

गोदाकाठ, अंगावर काटा आला वाचून. मी सेलूची. स्टेशनाकडून येताना ते जिनिंग लागतं ना, तेच? तीच गाडी असणार, गावात दुसरी नव्हती.

माझ्या मोठ्या मामांची वरात त्याच गाडीतून निघाली होती. मी पाच-सहा वर्षांची असेन. मागच्या सीटवर आम्ही सात पोरं बसलो होतो, तरी जागा उरली होती. चालवायला एक चाचा होते, पांढरी टोपी, हातात कायम फडकं. दाराला कुणालाच हात लावू द्यायचे नाहीत, स्वतः उघडायचे, स्वतः लावायचे. दार लागताना तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज यायचा. दसऱ्याला जिनिंगच्या यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा सगळ्यात मोठी झेंडूची माळ गाडीला असायची, बंपरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सिनेमातली आहे असं तेव्हाही म्हणायचे. पण आम्हाला हिरोचं काही नव्हतं, आम्हाला त्या सीटवर बसायला मिळालं यातच सगळं आलं.

जुना_पाना

जालन्यात चाळीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. दोन इम्पाला आणि एक बेल एअर या हातांखालून गेलीय, म्हणून सांगतो.

पहिलं, मागचे दिवे बघा. इम्पालाला मागे प्रत्येक बाजूला तीन, असे सहा दिवे. बेल एअर आणि बिस्केन या त्याच घरातल्या स्वस्त बहिणी, त्यांना दोन-दोन. आपल्याकडं त्या काळातल्या कुठल्याही लांब शेव्हरोलेटला लोक इम्पालाच म्हणायचे. दिवे पूर्ण गोल असले तर १९६५, चौकोनीसर असले आणि वरून क्रोमची पट्टी उलट्या यू सारखी फिरलेली असली तर १९६४. ६५ला पूर्ण नवीन बॉडी आली. त्या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांवर इम्पाला विकल्या गेल्या, म्हणजे तिकडं ती घराघरातली गाडी. इकडं मात्र राजाची.

दुसरं, पुढचं डावं दार उघडा. बिजागरीच्या खांबावर छोटी पट्टी असेल, तिच्यावर नंबर. पहिले पाच आकडे १६४६९ असले तर व्ही-८ इंजिनची चार दारी इम्पाला सेडान. १६३ नं सुरू झाला तर सहा सिलिंडर. सहावा आकडा ५ म्हणजे १९६५. हाच नंबर आरसी बुकात चॅसिस नंबर म्हणून पाहिजे. नसला तर तिथंच हात जोडा आणि घरी या.

तिसरं, बोनट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर आणखी एक पाटी शोधा. तिच्यावर कारखान्यातून निघताना कुठला रंग होता त्याचं अक्षर असतं. ते अक्षर लिहून इथं टाका, रंग मी सांगतो.

आणि हात जोडून विनंती, सेल मारू नका! वीस वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून सेल मारला की आतल्या रिंगा सिलिंडर ओरबाडतात. आठही प्लग काढा, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडा, चार दिवस मुरू द्या, मग पुढून पान्यानं हातानं फिरवून बघा. फिरलं तर देवाला नारळ.

आपल्याकडच्या गाड्यांचं एक बरं आहे. मुंबई-कोकणातली गाडी खालून गंजून चाळणी होते, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा टिकतो. पण उन्हानं रबर आणि डॅशबोर्ड तडकतात, आणि जिनिंग म्हटल्यावर उंदीर आलेच. वायरिंग सगळं नवीन करावं लागेल असं धरूनच चला.

कोरडवाहू

मी बीडचा. कुणाचं मन दुखवायचं नाही, पण राहवत नाही म्हणून लिहितो. चोवीस लाखांत आमच्या गावाकडं किती विहिरी, किती शेततळी होतील. ज्या ७२ सालात ती गाडी आली म्हणता त्या सालात आमचे आजोबा रोजगार हमीच्या खडी केंद्रावर दगड फोडत होते. त्याच कापसाच्या पैशातून ही गाडी आली. मला ती बघितली तर आधी तेच आठवेल.

गोदाकाठ

कोरडवाहू दादा, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. आमचे आजोबा त्याच कामावर मुकादम होते. पण मी ही गाडी घेतली नाही तर ते पैसे विहिरीला जाणार नाहीत, आणि गाडी भंगारात जाईल. परभणीच्या भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगून ठेवलाय घरच्यांना. त्या सालातली जी वस्तू उरलीय ती तोडून वितळवण्यापेक्षा उभी राहावी, तिच्याकडं बघून तुमच्यासारख्यानं हे सगळं बोलावं, असं मला वाटतं.

कोरडवाहू

हे पटलं. भंगारात जाऊ देऊ नका.

रीळवाला

नांदेडचा, पण उमेदीची वर्षं मुंबईत एडिटिंगच्या खोलीत गेली. गाडी सिनेमातली आहे की नाही हे ठरवताना लोक हमखास एक चूक करतात, ते आधी नंबर प्लेट बघतात. शूटिंगला नंबर प्लेट बदललेली असते, पुष्कळदा खोटीच लावतात. तेव्हा पडद्यावर दिसणारा नंबर जुळला नाही म्हणून निराश होऊ नका, आणि जुळला म्हणून नाचू नका.

आणखी एक. गाण्यातली गाडी म्हणजे एकच गाडी असेल असं नाही. घाटातले लांबचे शॉट खऱ्या रस्त्यावर, त्यात पुष्कळदा हिरोऐवजी दुसराच माणूस चालवतो. जवळचे शॉट स्टुडिओत, मागे पडद्यावर रस्ता सोडलेला आणि दोन माणसं बंपर धरून गाडी हलवतायत. स्टुडिओतली गाडी वेगळी असू शकते. म्हणून लांबच्या शॉटवर एक आणि जवळच्या शॉटवर एक, असे दोन वेगळे तपास करा.

काय जुळवायचं? जे कुणी मुद्दाम बदलत नाही ते. रेडिओची एरियल कुठल्या मडगार्डवर आहे, बाहेरचा आरसा एका बाजूला की दोन्ही, क्रोमच्या पट्टीला कुठं पोचा आहे, व्हील कॅप कुठली. चित्र थांबवून मोबाईलवर फोटो काढा आणि गाडीशेजारी उभं राहून एकेक ताडून बघा. इंटरनेट मूव्ही कार्स डेटाबेस नावाची एक साइट आहे, जगभरचे लोक सिनेमातल्या गाड्यांची मॉडेलं ओळखून तिथं टाकतात, तीही बघा. पण तिथं मॉडेल कळेल, तुमच्या शेडातली गाडी तीच का हे नाही कळणार.

आणि रंग! तुमच्या सिनेमात गाडीचा रंग कुठला आहे?

गोदाकाठ

रंगीत सिनेमा आहे. गाडी पांढरट, सायीसारखी दिसते. शेडातली काळी आहे. हिरो डावीकडंच बसलाय, तेवढं जुळतं.

रीळवाला

मग खालचे थर बघा. शूटिंगसाठी घाईत रंगवलेली गाडी फक्त बाहेरून रंगवतात. डिकीच्या आत, डॅशबोर्डच्या खाली, दाराच्या रबरामागे कुणी जात नाही.

चौकोनी_चाक

रीळवाला काकांनी लाख मोलाचं सांगितलं. मी संभाजीनगरचा. माझ्याकडं एक डॉज किंग्जवे आहे, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात जोडलेली. ती घेतली तेव्हा मला अक्कल नव्हती. एका गॅरेजला दिली आणि सांगितलं, नवीन करून द्या. त्यांनी सगळा पत्रा घासून पांढरा केला, पुट्टी भरली, चकचकीत लाल करून दिली. दोन वर्षं गाडी त्यांच्याकडंच पडून होती, पैसे ठरल्याच्या दुप्पट गेले. नंतर आधीच्या मालकांच्या घरून एक फोटो मिळाला, त्यात दारावर हातानं रंगवलेलं एक छोटं चिन्ह होतं. ते माझ्या गाडीवर त्या थरांखाली असणार होतं आणि मी ते घासून टाकायला पैसे दिले होते. आजही तो फोटो बघवत नाही. गोदाकाठ, रंगाला हात लावू नका.

आता पैशांबद्दल. सिनेमानं गाडीची किंमत किती वाढते याला हिशोब नाही, पण दोन उदाहरणं देतो. 'बुलिट' या १९६८च्या सिनेमातली स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग न्यू जर्सीच्या एका कुटुंबानं १९७४ला सहा हजार डॉलरला घेतली. घरची बाई शाळेत जायला वापरायची. १९७७ला खुद्द मॅक्वीननं पत्र पाठवून परत मागितली, त्यांनी दिली नाही. २०२०च्या लिलावात ३४ लाख डॉलरची बोली लागली. आणि गाडी कशी होती? गंजलेली, रंग उडालेला, कॅमेरा बसवायला खाली जोडलेले लोखंडी तुकडे तसेच. कुणी ते कापले असते तर अर्धा पुरावा गेला असता. याच सिनेमाची दुसरी गाडी २०१७ला मेक्सिकोत भंगारात सापडली.

दुसरं उदाहरण उलटं आहे. बाँडच्या सिनेमांत खरोखर चाललेली ॲस्टन मार्टिन डीबी-५ २०१० साली लंडनला सुमारे ४६ लाख डॉलरला गेली. आणि २०१९ला जी ६३ लाख ८५ हजारांना गेली, ती सिनेमाच्या जाहिरातीसाठी फिरवलेली होती, पडद्यावर एकदाही आली नव्हती! पण तिचा कागद न् कागद जागेवर होता. लोक गोष्टीला पैसे देतात हे खरं, पण कागदावरच्या गोष्टीला. तोंडी गोष्टीचे आठ लाख मी देणार नाही.

देगलूरकर

विषयांतर करतो, माफी असावी. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांचा विषय निघाला की हैदराबाद आठवतंच. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत आपण सगळे निजामाच्याच राज्यात. सहाव्या निजामानं मागवलेली रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट, पिवळी धमक, आत सिंहासनासारखी बैठक. गाडी येण्याआधीच १९११ला निजाम वारला. ती आज चौमहल्ला राजवाड्यात आहे. आमच्या शाळेची सहल गेली होती तेव्हा मी काचेला नाक लावून उभा राहिलो, गुरुजी कान धरून ओढेपर्यंत.

मांजराकाठ

आणि २०१०ला औरंगाबादकरांनी एका दिवसात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ते कसं विसरता! मराठवाडा मागास म्हणणाऱ्यांना आमचे मामा अजून तेच सांगतात.

देगलूरकर

हाव ना! मात्र त्यातली एक तरी गाडी पन्नास वर्षांनी कुणी शेडात जपून ठेवलेली असावी, एवढीच इच्छा.

आंबट_बोर

एक शंका. १९६४-६५च्या गाडीला व्हिंटेज म्हणायचं का? माझ्या माहितीत १९१९ ते १९३० म्हणजे व्हिंटेज, पुढच्या क्लासिक.

फाईलवाली

आंबट_बोर, हौशी लोकांत तुम्ही म्हणता तीच वाटणी चालते. कायद्यात वेगळी आहे. मी वाहन नोंदणीच्या कामात अठरा वर्षं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२०२१च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. त्यात ही इम्पाला बसते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५,०००. नवीन नंबर घेतला तर त्यात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, तोच ठेवा, जुना नंबर हाही गाडीचा इतिहास आहे. बंधन असं की रोज कामाला वापरायची नाही, भाड्यानं लावायची नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे लग्नाच्या वरातीला भाड्यानं देऊन खर्च काढू, असा विचार असेल तर सोडा.

डाव्या स्टिअरिंगची काळजी करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतलं सिग्नल देणारं यंत्र असलं की डावं स्टिअरिंग चालतं.

खरी अडचण दुसरीकडं आहे. आरसी कुणाच्या नावावर आहे? आजोबांच्या असली आणि ते गेलेले असले, तर आधी वारसाच्या नावावर करावी लागेल, फॉर्म ३१. मग तुमच्या नावावर, फॉर्म २९ आणि ३०. वारस किती आहेत ते विचारा आणि एकेकाची लेखी संमती घ्या. एका भावानं पैसे घेतले आणि वर्षभरानं दुसरा भाऊ गेटवर येऊन उभा राहिला, असं मी टेबलापलीकडून पुष्कळ वेळा पाहिलंय.

आणि चौकोनी_चाक म्हणतात तो कागद तुमच्या आरसी बुकातच असू शकतो. जुन्या पुस्तकात प्रत्येक हस्तांतराची नोंद पानावर असते. निर्मात्याचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव तिथं लागलं तर आणखी कशाची गरज नाही. डाव्या स्टिअरिंगची आहे म्हणजे बहुधा एखाद्या वकिलातीची असावी. परदेशी अधिकाऱ्यांच्या गाड्या तेव्हा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जायच्या, सिनेमावाले आणि हॉटेलवाले तिथूनच घ्यायचे.

जुना_पाना

ताईंनी सगळं कसं मुद्द्याचं सांगितलं. गोदाकाठ, आता काहून थांबलाव? जा सेलूला!

गोदाकाठ

जाऊन आलो. शनिवार-रविवार दोन्ही दिवस तिथंच होतो. लांबलचक लिहितोय, कंटाळू नका.

दिवे गोल, सहा. म्हणजे १९६५. खांबावरची पट्टी रॉकेलच्या बोळ्यानं पुसली तर १६४६९५ दिसलं, पुढचं अक्षर आणि क्रमांकही. इंजिनामागच्या पाटीवर रंगाच्या जागी एन-एन आहे.

गाडीच्या आत सरकीचा वास आहे, तेलकट, गोडसर. छताच्या कापडाला कापसाचे तंतू चिकटलेत. मागच्या सीटमध्ये उंदरांनी घर केलंय, सरकीच्या टरफलांची गादी करून. बोनटवर जी इंग्रजी अक्षरं आहेत ना शेव्हरोलेटची, त्यांच्या फटींत कुंकू बसलंय. दरवर्षीच्या दसऱ्याचं, थरावर थर, दगडासारखं घट्ट. सरकी ताई, तुमची आठवण आली.

मग रंग. घरच्यांना विचारून पुढच्या दाराच्या आतल्या कडेला, जिथं दिसत नाही तिथं, नखाएवढी जागा वॉटर पेपरनं पाणी लावून हळूहळू घासली. वरून काळा. खाली राखाडी प्रायमर. मग सायीचा रंग! त्याच्याखाली पुन्हा प्रायमर आणि तळाला गडद लाल, वांग्याकडं झुकणारा. कांदा कापल्यासारखी वर्तुळं दिसतात. डिकीच्या आत आणि डॅशबोर्डखाली मात्र थेट तोच गडद लाल, साय नाही की काळा नाही. दाराच्या जुन्या रबरावर सायीच्या रंगाचे शिंतोडे आहेत.

मोबाईलवर गाणं लावून गाडीभोवती फिरलो. घाटाच्या वळणावर गाडी मागून दिसते तिथं डाव्या मागच्या मडगार्डवर एरियल आहे. शेडातल्या गाडीला तिथं काहीच नाही, गुळगुळीत. पण डिकीत वाकून आतून हात घातला तर बोटाला वाटाण्याएवढं भोक लागलं, वरून पुट्टीनं बुजवलेलं. मी तिथंच डिकीत डोकं घालून बसलो होतो, आतल्या काकूंना वाटलं मला चक्कर आली.

आरसी बुक आजींच्या लोखंडी पेटीत होतं. वाळवी लागलीय. चॅसिस नंबर पट्टीशी जुळतो. तिसऱ्या मालकाच्या नोंदीची अर्धी ओळ वाळवीनं खाल्लीय, उरलेल्या भागात टाइप केलेलं '…पिक्चर्स, दादर' एवढं वाचता येतं. चौथं नाव दलालाचं, पाचवं आजोबांचं.

रीळवाला

'…पिक्चर्स, दादर' वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. त्या भागातल्या किती कंपन्यांच्या पाट्या मी उतरताना पाहिल्यात.

जुना_पाना

एन म्हणजे मदिरा मरून, ६५च्या यादीतला रंग. तळाला निघालेला गडद लाल तोच. म्हणजे पत्रा मूळचा आहे, दुसऱ्या गाडीचं दार-बोनट लावलेलं नाही. हीच मला सगळ्यात मोठी बातमी वाटते.

पण एक खरं ते बोलतो. बाहेरून साय आणि आतून मरून, हे शूटिंगवाल्यांनी केलं तसं एखाद्या हॉटेलवाल्यानंही स्वस्तात केलेलं असू शकतं. भोकाचा पुरावा जास्त वजनाचा.

चौकोनी_चाक

भोक, डावं स्टिअरिंग, सायीचा थर आणि आरसीतली अर्धी ओळ. एकेक सुटं काढलं तर शंका घेता येते, चारही मिळून माझ्या मनात शंका नाही. तरी विकत घेताना मी म्हणेन, सोळाच द्या. मालकांना पुरावा माहीत नव्हता, शोधलात तुम्ही.

सरकी

हे नाही पटलं मला. त्यांनी पन्नास वर्षं गाडी जपली. भंगारवाला दारात असताना दिली नाही. आजींनी ते पुस्तक पेटीत ठेवलं म्हणून तर तुम्हाला ओळ सापडली. आणि सिनेमाची गोष्ट ते खरीच सांगत होते ना?

चौकोनी_चाक

ताई, खर्च अजून पुढं आहे. टायर, वायरिंग, ब्रेक, रबर, सीट. माझ्या डॉजचा अनुभव धरला तर निम्मी किंमत आणखी लागते.

फाईलवाली

मधला रस्ता आहे. गाडीची पहिली नोंद ज्या कार्यालयात झाली तिथल्या जुन्या रजिस्टरात तिसऱ्या मालकाचं पूर्ण नाव असेल. नोंदीचा उतारा मागा, गरज पडली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. करारात लिहा की उतारा मिळाला आणि त्यात त्या सिनेमाच्या निर्मात्याचं नाव निघालं तर ठरलेली जादा रक्कम द्यायची. आणि आजी गाडीबद्दल जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून, सही घेऊन, कराराला जोडा. चाचा हयात आहेत का?

गोदाकाठ

चाचा आहेत! सेलूतच, ऐंशी पार. ऐकू कमी येतं. त्यांना रिक्षानं शेडात आणलं. ते गाडीकडं गेले, खिशातून रुमाल काढला आणि काही न बोलता डाव्या बाजूच्या पुढच्या दिव्याची काच पुसायला लागले. मी त्यांना भोकाबद्दल विचारलं. म्हणाले, "एरियल मीच काढली. लगन की बारात में बच्चे पकडके लटकते थे. सेठ बोले निकाल दो, तो निकाल के भर दिया, फिर काला रंग मारा."

सरकी ताई, त्या सात पोरांत तुम्ही होतात.

सरकी

लटकत होतो. माझ्या भावानंच वाकवली होती ती. आज रात्री त्याला फोन करते.

कोरडवाहू

गाडी उभी राहिली की सांगा. आजोबांना नाही दाखवता येणार, पण वडिलांना घेऊन येईन.

गोदाकाठ

नक्की या, दादा. वडिलांना पुढच्या सीटवर बसवू.

ठरलं. सोळा लाख आता, पाच वारसांच्या संमतीवर. वर्षभरात रजिस्टरचा उतारा मिळून निर्मात्याचं नाव जुळलं तर आणखी चार लाख, ते थेट आजींच्या खात्यात. चौकोनी_चाक, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण आजींनी पुस्तक माझ्या हातात देताना ते आधी कपाळाला लावलं, तिथं माझ्याच्यानं पुढं बोलवलं नाही. उतारा मिळेल त्या दिवशी सिनेमाचं नाव याच धाग्यावर लिहीन. काळा रंग तसाच राहील, कुंकूही.

येत्या रविवारी ट्रेलर येतोय. सकाळी आठला जिनिंगच्या गेटवर.

चौकोनी_चाक

मी असतो तरी तिथं गप्पच बसलो असतो. रविवारी येतो. डॉजचा जुना जॅक आणि चार लाकडी ठोकळे आणतो.

जुना_पाना

मी पण येतो, मुलाला घेऊन. गाडी जवळजवळ साडेपाच मीटर लांब आहे, ट्रेलरवाल्याला आधी माप सांगा, नाहीतर डिकी बाहेर लोंबेल. ब्रेकचं ड्रम चारही चाकांना आहेत आणि चिकटलेले असणार, ते सोडवल्याशिवाय कुणी ओढायचं नाही. ६५ला ब्रेकची एकच लाइन असते, एक पाइप फुटला की चारही चाकं गेली. म्हणून नवीन पाइप टाकेपर्यंत गाडी स्वतःच्या चाकावर उतारावर न्यायची नाही, चार माणसं धरून असली तरी. आणि पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा पेट्रोलची सगळी रबरी नळी नवीन, इथेनॉल चालणारी टाका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर खातं.

प्लगमध्ये तेल सोडलंय ना?

गोदाकाठ

सोडलंय काका, बुधवारी. आठही भोकांत.

जुना_पाना

मग रविवारी पाना मी धरतो.